स्लो मोशनमधली फुगडी

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे स्वतःला फसवणं मला जमत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. वजनकाट्यावरचा आकडा पटला नाही म्हणून मी काट्याला दोष देत नाही. फोटोत हनुवटी दुहेरी आली तर ती माझीच आहे, हे मला मान्य असतं. आमच्या घरात कोणीतरी असं असणं भागच होतं, कारण नवऱ्याचा कारभार नेमका उलटा. डोक्यावर उरलेले केस तो डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत ओढून आणतो आणि लिफ्टच्या आरशात स्वतःकडे असं काही बघतो, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला संकोच वाटावा. वर्षातून एकदा पोहे करतो आणि पाहुणे आले की सांगतो, "आमच्याकडे स्वयंपाक आम्ही दोघं मिळूनच करतो."

तो एकटाच असा नाही, घरोघरी मातीच्या चुली. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका आहेत. ते रोज सकाळी महापालिकेला फोन लावतात, आणि पाणी आलं की गॅलरीत उभे राहून म्हणतात, "मी बोललो म्हणून सोडलं." पाणी रोज त्याच वेळी येतं. काका गावाला गेले तरी येतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

माणसं असं का करतात, हा प्रश्न मला पूर्वी चिडून पडायचा. हल्ली तो पडला की मला हसू येतं, आणि त्याला कारण आमचा मंगळागौरीचा ग्रुप.

श्रावणातल्या मंगळवारी नवी लग्न झालेली मुलगी गौर पुजते आणि मग बायका खेळ खेळतात. फुगड्या, लाट्या, सूप नाचवणं, गाठोडं, कोंबडा. पूर्वी घरातल्याच बायका खेळून रात्र जागवायच्या. आता घरातल्या बायकांना खेळ येत नाहीत, आणि आले तरी त्या दिवशी त्यांना फोटो काढून घ्यायचे असतात. म्हणून खेळ करणारे ग्रुप बोलावतात. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, कुठेही जा, असे ग्रुप गल्लोगल्ली सापडतील. एकसारख्या नऊवारी, एकसारख्या नथी, आणि दोन खेळांच्या मध्ये घोटभर पाणी पिण्याची घाई. आमचा ग्रुप त्यातला जुना म्हणून ओळखला जातो. आम्ही ते कौतुक म्हणून घेतो.

आमच्याकडे कपाटातून नऊवारी निघाली की श्रावण आला असं समजायचं. या नऊवारी शिवलेल्या असतात, परकरासारख्या चढवायच्या आणि कमरेला हूक लावायचा. दर वर्षी तो हूक कुणाला ना कुणाला लागत नाही. मग एक म्हणते, "कापड आटलं गं धुऊन." दुसरी म्हणते, "मेल्या शिंप्याने शिवतानाच घट्ट शिवलं होतं." अशी चर्चा होऊन सर्वानुमते शिंपी दोषी ठरतो. मी माझा हूक गुपचूप पुढच्या फाशात लावते. माणसाला खरं बघता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

ग्रुप सुरू केला तो माझ्या समोरचीने. समोरची म्हणजे आमच्या दारासमोर जिचं दार आहे ती. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन मुलुंडच्या या बिल्डिंगमध्ये आलो. तेव्हापासून ती माझी समोरची आणि मी तिची समोरची. तिच्या नातीला लहानपणी हे माझं नावच वाटायचं. ती अजून मला 'समोरची आजी' म्हणते. आमची दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात. कढीपत्ता, विरजण, झालंच तर एखादं भांडण, सगळं या दारातून त्या दारात जात असतं. नवऱ्याशी जे बोलत नाही ते मी तिच्याशी बोलते. तिच्याशिवाय माझे दिवस कसे गेले असते, याचा विचारही मला करवत नाही.

पण समोरचीचं आणि वास्तवाचं कधी फारसं जमलं नाही. तिची पुरणपोळी तव्यावर फाटली तर ती फाटलेली नसते, "पातळ लाटली की तशीच दिसते." तिची रांगोळी एका अंगाला कलली तर तिला मोर उडताना दाखवायचा असतो. साठी उलटली तशी ती अधिकच तरुण झाली. भाजीवाल्याने आजी म्हटलं की ती मागे वळून बघते, कुठली आजी आली म्हणून.

आमचा प्रत्येक कार्यक्रम आम्हा दोघींच्या फुगडीने संपतो. हात फुलीसारखे गुंफायचे, चवड्यांना चवडे लावायचे, अंग मागे टाकायचं आणि गरगर फिरायचं. दिसायला सोपं आहे, पण दोघी एकमेकींच्या वजनावर उभ्या असतात. एकीने हात सोडला की दोघी भुईवर. आम्ही ही फुगडी पहिल्यांदा घातली ती आमच्या दोन दारांमधल्या जागेत, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, दोघींच्या सासवा दुपारच्या झोपल्या असताना. तेव्हापासून आमचे हात एकमेकींना सरावलेत.

आता इथे एक सांगायला हवं. गेली काही वर्षं ही फुगडी मी मुद्दाम हळू घेत होते. समोरचीसाठी. तिचा वेग कमी झाला होता, दोन गिरक्यांनंतर तिला धाप लागायची. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं आणि मीही येऊ दिलं नव्हतं. मी आपली पाय बेताने टाकायचे, अंग थोडं आवरून धरायचे. फुगडी संपली की ती घाम पुसत म्हणायची, "बघ, आहे की नाही अजून दम?" मी म्हणायचे, "आहे तर." आणि मनात म्हणायचे, मैत्री असावी तर अशी.

गेल्या वर्षी घाटकोपरला एका घरी कार्यक्रम झाला. त्यांच्यातल्या कुणीतरी सगळा खेळ मोबाइलवर घेतला आणि तो आमच्या ग्रुपमधल्या धाकटीला पाठवला. धाकटी म्हणजे चाळिशीतली, आमच्यात ती पोरच. आम्ही आजवर स्वतःला खेळताना कधी धड बघितलं नव्हतं. फोटो खूप होते, पण फोटोत सगळेच स्थिर असतात. म्हणून मग एका दुपारी समोरचीकडे जमलो. तिने बटाटेवडे केले, धाकटीने मोबाइल मोठ्या टीव्हीला जोडला, आणि आम्ही सगळ्या सोफ्यावर, खुर्च्यांवर, जमेल तिथे बसून टीव्हीकडे बघायला लागलो.

पहिल्यांदा मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा तरी व्हिडिओ लागला. नऊवारी नेसलेल्या काही वयस्क बायका एका गोलात सावकाश चालत होत्या. जमिनीवर काहीतरी सांडलंय आणि त्यात पाय पडू नये, असं त्यांचं चालणं होतं. मग त्यातली एक वळली आणि तिच्या नाकात आमची नथ दिसली. त्या आम्हीच होतो. मनातल्या मनात आम्ही त्या दिवशी भिंगरीसारख्या फिरलो होतो. कोंबड्याच्या खेळात आम्ही उड्या मारल्या होत्या, निदान आम्हाला तसं वाटलं होतं. टीव्हीवर मात्र आमच्या टाचा जमीन सोडत नव्हत्या.

वडे चावण्याचा आवाज बंद झाला. शेवटी फुगडी आली. समोरची आणि मी, हातात हात, एक गिरकी. तेवढ्या वेळात एखादीने दोन वडे तळून काढले असते.

"हे स्लो मोशनमध्ये घेतलंय," समोरची म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"अगं, हल्ली लग्नात नाही का घेत? वधू मान वळवते ते सगळं हळूहळू, केस उडताना. तसं घेतलंय यांनी."

"हो गं, तसंच दिसतंय," एक म्हणाली.

"तरीच," आमची गाणारी म्हणाली, "तरीच माझा आवाज असा जाड येतोय."

आणि खोलीत पुन्हा जीव आला. वडे संपले, चहा झाला, स्लो मोशनमुळे नऊवारीचा घोळ किती छान दिसतो यावर दोघी-तिघी बोलल्या. पण व्हिडिओत आमच्या डोक्यावर एक पंखा होता आणि तो भरधाव फिरत होता. मागून एक बाई मसाला दुधाच्या पेल्यांचा ट्रे घेऊन झपझप निघून गेली होती. हे मी बघितलं होतं. सांगायला मी तोंड उघडलंही, पण समोरचीचा उजळलेला चेहरा दिसला आणि मी त्या तोंडात वडा घातला.

जाताना धाकटीने मला दारात गाठलं. "काकू, ते स्लो मोशन नाहीये हो."

"माहितीय मला."

"मग सांगायचं का त्यांना?"

"सांगितल्यावर जोरात फिरणार आहेत का?" मी म्हटलं.

यंदा समोरचीच्या नातीचं लग्न झालं. पार्ल्यात दिलीय. तिची पहिली मंगळागौर सासरच्यांनी मोठ्या हौसेने करायची ठरवली, स्टेशनजवळचा एक जुना हॉल घेतला. नातीचा मला फोन आला. "समोरची आजी, शेवटची फुगडी तुमच्या दोघींचीच हवी हं. मी सासूबाईंना सांगून ठेवलंय, माझ्या दोन आज्या फुगडी घालतात म्हणून." ती फुगडी शिकली ती आमच्याच दोन दारांमध्ये, एक हात तिच्या आजीच्या हातात आणि एक माझ्या. मी फोनवर हो हो म्हटलं आणि ठेवल्यावर जरा वेळ डोळे पुसत बसले.

दुसऱ्याच दिवशी समोरचीची मुलगी, म्हणजे नातीची आई, माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. आई आत झोपलीय याची खात्री करूनच आली होती.

"मावशी, तू तिला सांग ना. बाकी सगळं खेळू दे, पण फुगडी नको. परवा पूजेला मांडी घालून बसली तर उठवायला दोघं लागलो. डॉक्टर म्हणतात गुडघे जपा. आणि तिकडे सासरचे सगळे असणार गं. सगळ्यांदेखत पडली म्हणजे?"

"तूच सांग की."

"माझं ऐकते का ती? मी काही बोलले की म्हणते, तू म्हातारी झालीस. तुझं ऐकेल."

मी कबूल केलं. खरं बोलायची वेळ आली की सगळ्यांना गणिताची बाई आठवते. पण कबूल करून बसले आणि जीभ काही रेटेना. फुगडी काढून घेतली तर समोरचीकडे काय उरणार? नवरा जाऊन तिला काही वर्षं झाली. मुलगी आपल्या घरी, नात आता तिच्या घरी. वर्षभर ती श्रावणाची वाट बघते. नातीची मंगळागौर म्हणजे तर तिने मनात केव्हाची खेळून ठेवली असणार. आणि दुसरीकडे, खरंच पडली तर? या वयात पडणं म्हणजे काय हे आम्हा दोघींना चांगलं माहीत आहे. दोन दिवस मी नुसते शब्द जुळवत होते. शेवटी अळूवड्यांची ताटली घेऊन तिच्या घरात शिरले. हातात खायला काही असलं की वाईट बोलणं सोपं जातं.

ती ओट्याशी चहा टाकत होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलीस. मलाच तुझ्याशी बोलायचंय. बस. आणि रागावू नकोस."

मी बसले.

"मी म्हणते, या वेळी आपण फुगडी नको करूया."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. समोरची शहाणी झाली होती. तिला आपलं आपण कळलं होतं. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की मी उठून तिचा हात धरला. "खरंच सांगतेस? मोठं मन लागतं असं कबूल करायला."

"कबूल काय करायचंय? तुझ्यासाठीच म्हणतेय ना मी."

"माझ्यासाठी?"

"हो मग. किती वर्षं झाली, मी ती फुगडी हळू घेतेय. तुझ्यासाठी. तुला कळू दिलं नाही, म्हटलं वाईट वाटेल. पण आता लोक बघणार, नातीचं सासर. तुला झेपलं नाही आणि तू पडलीस तर?"

मी तिचा हात सोडला.

"आणि हे मी माझ्या मनचं नाही बोलत," ती चहात साखर घालत म्हणाली. "तुझा नवराच आला होता. म्हणाला, वहिनी, तुम्ही सांगा तिला, जिना उतरताना तिचे गुडघे कडाकड वाजतात, आमचं ती ऐकायची नाही."

मग मी जे बोलले ते भडाभडा बोलले. की हळू मी घेते. तिच्यासाठी. की तिची मुलगी माझ्याकडे येऊन गेली. की मी दोन दिवस झोपले नाही धड. समोरची आधी हसली, मग तिला कळलं की मी खरंच बोलतेय, मग ती चिडली.

"तू? माझ्यासाठी? अगं, धाप तुला लागते."

"तुला लागते. घाटकोपरचा व्हिडिओ आठव."

"ते स्लो मोशन होतं."

"नव्हतं. वरचा पंखा बघितलास? कसा फिरत होता?"

"पंखा कशाला बघू? मी मला बघत होते."

चहा उतू गेला. दोघींनी एकदम गॅसकडे हात नेला, दोघींना चटका बसला, आणि त्याबद्दलही आम्ही एकमेकींनाच बोल लावला. अळूवड्यांची ताटली तिथेच ठेवून मी घरी आले आणि दार लावून घेतलं. पलीकडून तिचंही दार लागलेलं ऐकू आलं.

नवरा पेपर वाचत होता. त्याला म्हटलं, "माझे गुडघे वाजतात हे समोर जाऊन सांगायची काही गरज होती?"

"तू पडू नयेस म्हणून म्हटलं," तो पेपरातून तोंड वर न काढता म्हणाला.

"घरात तर म्हणता, तू अजून लग्नातल्यासारखीच दिसतेस."

"दिसतेसच की. वाजण्याचं वेगळं."

"मी कधी तुमच्या केसांबद्दल बाहेर बोलले?"

त्याने पेपर खाली केला. "केसांचं काय?" त्याने विचारलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

मला इतकं हसू आलं की राग धड टिकेना. पण एक गोष्ट मनात बोचत राहिली. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ मला लांबून दिसायचं. काका, नवरा, समोरची, सगळ्यांची कुसळं मी मोजून ठेवली होती. आता कळेना की मुसळ कुणाच्या डोळ्यात आहे. हळू कोण घेत होतं? मी आरशासमोर उभी राहून एकटीच दोन गिरक्या घेऊन बघितल्या. धाप लागली. पण जेवण नुकतंच झालं होतं, त्यामुळे ते काही धरता येणार नाही.

मंगळवारपर्यंत दोन्ही दारं बंद राहिली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. नवरा कढीपत्ता आणायला बाजारात गेला आणि कोथिंबीर घेऊन आला. मला करमेना. सकाळी दार उघडायला हात जायचा आणि मी तो मागे घ्यायचे. आधी तिने उघडावं असं मला वाटत होतं. तिला काय वाटत असेल तेही मला माहीत होतं.

पार्ल्याला जायला मोठी गाडी केली होती. नेहमीप्रमाणे आम्ही दोघी शेजारीशेजारी बसलो, कारण दुसरीकडे बसलो असतो तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं. मांडीवर सुपं, नाकात नथी, आणि तोंडं दोन खिडक्यांना. लिंक रोडला गाडी अडकली. बऱ्याच वेळाने समोरची खिडकीकडेच बघत म्हणाली, "अळूवड्या चांगल्या झाल्या होत्या. जरा तिखट."

"तुला तिखट सोसत नाही हल्ली," मी म्हटलं.

"चिंच कमी होती," ती म्हणाली. आम्ही पुन्हा गप्प बसलो, पण आता बरं वाटत होतं.

हॉल भरला होता. नात हिरव्या शालूत, हातभर चुडा, गौरीपुढे बसली होती आणि आम्हाला बघून तिचं तोंड फुललं. आम्ही खेळायला लागलो. लाट्या झाल्या, सुपं झाली, गाठोड्याला तर सासरच्या बायका पोट धरून हसल्या. फरशी गुळगुळीत आहे अशी आमच्यातल्या दोघींनी तक्रार केली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार होते, पण फरशी खरंच गुळगुळीत होती.

मग कडं मोकळं झालं. फुगडीची जागा. टाळ्या सुरू झाल्या. समोरचीची मुलगी भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको म्हणून. दाराशी माझा नवरा होता, तो समोरचीकडे बघून तेच करत होता. नात मात्र उठून पुढे येऊन उभी राहिली होती. तिच्या नजरेत नको नव्हतं.

समोरचीने हात पुढे केले. "ये. पण आज हळू नाही घ्यायचं. तू माझ्यासाठी नाही, मी तुझ्यासाठी नाही."

"आणि पडलो तर?"

"पडलो तर दोघी पडू. म्हणेन, हाही एक खेळच होता."

मी हात दिले. चवड्यांना चवडे लागले. तिच्या बोटांची पकड तीच, पहिल्या श्रावणातली, अंगठा माझ्या मनगटावर दाबून धरायची. आम्ही अंग मागे टाकलं आणि सुटलो. मी काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. तिनेही नाही, तिच्या हातांतल्या ओढीवरून मला ते कळत होतं. आधी दाराशी उभा नवरा गेला, मग भिंत गेली, मग गौरीपुढची समई, सगळं पुसलं गेलं. फुगडीत समोरच्या बाईचा चेहरा तेवढा जागेवर राहतो. समोरचीची नथ कलली होती, खोपा सैल झाला होता आणि ती तोंड भरून हसत होती. मला अगदी स्पष्ट आठवतं, त्या क्षणी ती विशीतली होती. मी कशी होते ते तिला विचारायला हवं.

पडलो नाही. थांबलो तेव्हा हॉल आमच्याभोवती आणखी थोडा वेळ फिरत राहिला. नात येऊन आम्हा दोघींना एकदम बिलगली आणि तिच्या चुड्याची काच माझ्या कानाला लागली. समोरचीची मुलगी रडत होती आणि हसत होती. समोरची घाम पुसत माझ्या कानात म्हणाली, "बघितलंस? म्हटलं नव्हतं?" तिने नेमकं काय म्हटलं होतं ते मी विचारलं नाही, कारण मीही तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचीकडे वडे झाले. दोन्ही दारं सकाळपासून उघडी होती. पार्ल्याचा खेळ धाकटीने स्वतः घेतला होता, तिने मोबाइल टीव्हीला जोडला. माझा नवराही वड्यांच्या वासाने येऊन बसला. आम्ही एकेक खेळ बघत गेलो आणि फुगडी आली.

टीव्हीवर दोन वयस्क बायका एकमेकींचे हात धरून सावकाश फिरत होत्या. घाटकोपरला फिरत होत्या तशाच. तसूभरही फरक नव्हता. त्यांच्या डोक्यावर हॉलचा उंच पंखा भरधाव चालला होता, आणि मागून एक मुलगी आइस्क्रीमच्या वाट्या घेऊन लगबगीने गेली.

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी समोरचीकडे बघितलं. तिचा वड्याचा हात अर्ध्यावर थांबला होता आणि नजर टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात होती. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःला सोडून पंखा बघत होती. मीच तिला तो दाखवला होता. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी खाली यायला लागलं.

"काय गं," मी धाकटीवर जोरात खेकसले, "तुला किती वेळा सांगायचं, स्लो मोशनमध्ये घेत जाऊ नकोस म्हणून?"

धाकटीने समोरचीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "सॉरी काकू. चुकून दाबलं गेलं ते बटण."

"मग तो पंखा?" समोरची हळूच म्हणाली.

"हॉलचे पंखे जुने गं. फार जोरात फिरतात," मी म्हटलं.

"तरीच," गाणारी म्हणाली, "तरीच माझा आवाज."

समोरचीने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने वडा तोंडात घातला. नवऱ्याने कपाळावरून हात फिरवत केस जागेवर आहेत ना ते बघितलं आणि म्हणाला, "दाराशी मी दिसतोय बघा. चांगला आलोय." आणि खरं सांगते, टीव्हीवरच्या त्या दोघी इतक्या सुंदर फिरत होत्या, की बोलता बोलता मलाही ते पटायला लागलं होतं.

"पुन्हा लाव," समोरची धाकटीला म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी नीट घे."